पाठीत सिमेंट भरून घेताना होणाऱ्या चुका

कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाची पाठ दुखायला लागली की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, ‘उसण भरली असेल.’ नर्स म्हणून मला या वाक्याची धास्ती बसली आहे, कारण ते दुखणं मणक्यात पसरलेल्या कॅन्सरचंही असू शकतं.

डोंबिवलीच्या एक काकू होत्या. चार वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झालेला. रात्री आडवं झालं की कंबर ठणकायची. दीड महिना मालिश चालली, पाठीवर गुडघा रोवून ‘मणका बसवून’ झाला. एका संध्याकाळी लोकलमधून उतरताना पाय उचलेना, सकाळी लघवी अडली. एमआरआयमध्ये दिसलं की गाठ मणक्याची मागची भिंत फोडून मज्जारज्जूवर चढली आहे. मुलगा म्हणाला, “सिस्टर, ती सिमेंटची सुई द्या ना, लगेच घरी सोडतात म्हणे.”

मणक्यात सुईतून भरलेलं हे हाडांचं सिमेंट पिचलेल्या हाडाला आधार देतं आणि दुखणं बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत उतरतं. मज्जारज्जूवरचा दाब मात्र त्याने हटत नाही. त्यासाठी तातडीने स्टेरॉइड, आणि मग रेडिएशन किंवा मोठं ऑपरेशन लागतं. उपचारांनंतर काकूंचं दुखणं कमी झालं, पाय परत आले नाहीत. चालत आलेला पेशंट बहुतेक वेळा चालता राहतो. चालणं गेल्यावर ते परत मिळवणं फार अवघड. म्हणून रात्री वाढणारी पाठदुखी, पायात मुंग्या किंवा जडपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी या. ‘सोमवारी बघू’ नको. मालिश तर मुळीच नको.

सिमेंट भरलं म्हणजे कॅन्सर गेला, असं समजून रेडिएशनची तारीख चुकवू नका. दुखणं थांबलं म्हणून नळाला पाणी आल्याबरोबर हंडा उचलणाऱ्या मावशी मी पाहिल्या आहेत. इतर मणकेही कमकुवत असू शकतात.

रक्त पातळ करणारी गोळी लपवू नका, आपल्या मनाने बंदही करू नका. मी सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून आणायला सांगते. तोंडी यादीवर माझा विश्वास नाही. मॉर्फिन या दुखणं कमी करणाऱ्या औषधाची सवय लागेल म्हणून रात्र रात्र कण्हत बसू नका.

आणि एक, पालथं झोपणं. सुई घालताना बराच वेळ तसंच पडून राहावं लागतं. मी आदल्या दिवशी पोटाखाली उशी देऊन पेशंटला हळूच पालथं करून बघते. पाच मिनिटंही सोसत नसेल तर डॉक्टरांना तेव्हाच सांगते, म्हणजे भूल कशी द्यायची ते आधी ठरतं.