मुलांना घेऊन ओमवरून हाफ मूनला: गोकर्णच्या पायवाटेची तयारी

गोकर्णाला महाबळेश्वराच्या दर्शनाला जाणारी आपल्याकडची बरीच कुटुंबं हल्ली एक दिवस जास्तीचा ठेवतात, किनाऱ्यांवरून चालायला. गावाच्या दक्षिणेला कुडले, ओम, हाफ मून आणि पॅराडाइज असे चार किनारे ओळीने आहेत. ओमच्या डोक्यावर गाडी जाते, तिथून पायऱ्या उतरायच्या. हाफ मूनला मात्र कड्यावरच्या पायवाटेने किंवा होडीने जावं लागतं. तिथे गर्दी नसते ती त्यामुळेच, आणि दुकान, रिक्षा, जीवरक्षक यांतलं काहीच तिथे धरून चालता येत नाही तेही त्यामुळेच. जे लागेल ते पाठीवर न्यायचं, म्हणून तयारी घरी बसून नीट करा.

आखणी परतीपासून सुरू करा. डिसेंबर-जानेवारीत तिथे सूर्य सहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो आणि कड्यावरची वाट लख्ख उजेडातच संपलेली बरी. ओमच्या दक्षिण टोकापासून हाफ मूनला मोठ्या माणसाला अर्धा तास पुरतो. पाच-सहा वर्षांचं मूल बरोबर असेल तर तासभर धरा, कारण ते प्रत्येक खेकड्यापाशी थांबणार आणि थांबू द्यावं. म्हणजे हाफ मूनवरून उशिरात उशिरा साडेचारला उठायचं. सकाळी ऊन चढायच्या आत, आठच्या सुमारास ओम सोडायचं. पॅराडाइज आणखी तेवढंच पुढे आहे. माझं मत ठाम आहे की दहा वर्षांखालची मुलं असतील तर हाफ मूनलाच थांबावं. जाताना मूल उड्या मारत जातं, येताना खांद्यावर येतं, आणि सुट्या मुरमाच्या उतारावर खांद्यावर मूल घेऊन उतरणं धोक्याचं आहे. आजी-आजोबांचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांनी ओमवरच सावलीत बसावं. त्यांच्यासोबत एक मोठं माणूस ठेवा आणि परतायची वेळ आधीच ठरवून टाका.

तारीख ठरवताना रविवार पाहण्याआधी कालनिर्णय उघडा. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, पक्ष शुद्ध असो वा वद्य. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ऐन मुक्कामाच्या वेळी भरती, तीही उधाणाची. हाफ मूनचा वाळूचा पट्टा मुळातच आखूड आहे, उधाणात तो आणखी आवळतो आणि लाटा खडकांवर आपटत असतात. अष्टमी-नवमी-दशमीला भांग असते, पाण्याचा चढउतार कमी, आणि दुपारी वाळू मोकळी. मुलांना घेऊन जायला महिन्यातले हेच दिवस उत्तम. हिशेब अदमासाचा आहे आणि भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तिकडे दक्षिणेला ती मुंबईपेक्षा थोडी आधीच येते. तेव्हा नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा आणि आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला विचारा. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हा बेतच नको: तेव्हा वाट निसरडी असते आणि समुद्र खवळलेला.

पाणी हे सगळ्यात जड ओझं, आणि नेमकी तिथेच काटकसर केली जाते. मोठ्या माणसाला तीन लिटर, मुलाला दीड लिटर, यापेक्षा कमी नेऊ नका. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे किती गेला ते कळतही नाही. थोडं पाणी कोकम आगळ, साखर आणि मीठ घालून न्या, मुलं ते मागून पितात. जलसंजीवनीची चार पाकिटं ठेवा, पण पाकिटावर वाचा: मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं २०० मिलिलिटरचं. पाणी पाच लिटरच्या झाकणाच्या कॅनमध्ये नेलं तर एक फायदा होतो. रिकामा झाला की झाकण घट्ट लावून, कडीला दहा मीटर दोरी बांधून तो पाण्याजवळ ठेवायचा. कुणी ओढलं गेलं तर फेकायला तो तरंगा होतो.

पाण्यात उतरण्याचे नियम ओमवर असतानाच सांगून टाका, वाळू दिसल्यावर कुणी ऐकत नाही. मुलं गुडघ्यापर्यंतच, आणि प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस हात पोचेल इतक्या अंतरावर, मोबाइल पिशवीत. उतरण्याआधी दहा मिनिटं उभं राहून पाणी बघा. दोन बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात शांत, गढूळसर पाणी, फेस बाहेर चाललेला, असं दिसलं तर ती जागा सोडा. नवख्याला तीच सुरक्षित वाटते, आणि पाणी तिथूनच आत ओढतं. ओढलं गेलंच तर किनाऱ्याकडे हातपाय मारायचे नाहीत. तरंगत राहायचं, हात वर करायचा, आणि ओढ सैल पडली की किनाऱ्याला समांतर सरकून मग बाहेर यायचं. वाचवायला रिकाम्या हाताने उडी घेऊ नये, कॅन फेकावा. पोटात दारू असलेल्याने पाण्याच्या जवळपासही फिरकू नये.

पायात मागे पट्टा असलेले, तळाला पकड असलेले सँडल किंवा जुने बूट हवेत. वाट जांभ्या दगडाची आहे, वर मुरमाचे गोल खडे, चपलेखाली ते सरकतात. खाली खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. अनवाणी मूल खडकावर चढलं की तळवा कापला म्हणून समजा. औषधांच्या डब्यात पोव्हिडोन आयोडीन, गॉज, चिकटपट्टी, चिमटा, तापाचं आणि उलटीचं औषध, आणि घरात कुणाची रोजची गोळी असेल तर तिचा जास्तीचा डोस ठेवा. जखम आधी प्यायच्या पाण्याने खळखळून धुवा. जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी टाकू नका; समुद्राच्याच पाण्याने धुवा, आणि श्वास लागला किंवा अंगावर गांधी उठल्या तर थेट परत फिरा.

खाणं साधं. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, लसणीची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, काकड्या, केळी. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि दहीभात दुपारपर्यंत टिकत नाहीत.

सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे जुनी सुती साडी, नऊवारी असेल तर फारच छान. ती दुहेरी करून दोन झाडांना किंवा खडकांना बांधली की सावली होते, आडोसा धरला की कपडे बदलता येतात, शेवटी ओल्या मुलाला गुंडाळता येतं. वजन नगण्य. सोबत बारा-पंधरा हात सुतळी लागेल. टोप्या आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे सगळ्यांना, कारण अकरानंतर वाळूवर सावली शोधून सापडत नाही.

शौचाचा विषय घरीच मोकळेपणाने बोला, विशेषतः मुलींशी. निघण्याआधी सगळ्यांनी उरकून यावं. तरी वेळ आलीच तर वाळूपासून आणि वाटेपासून दूर, झाडीत वीतभर खोल खड्डा करून बुजवायचा, म्हणून छोटं खुरपं ठेवा. कागद, डायपर, पॅड बंद पिशवीत घालून परत आणायचं. बाकीचा कचराही तसाच: किनाऱ्यावर गाई फिरतात आणि प्लॅस्टिकची पिशवी अन्नासकट खातात.

होडी हंगामात मिळते, पण ती वाऱ्यावर आणि होडीवाल्याच्या मर्जीवर. परतीचा बेत होडीच्या भरवशावर करू नका. बसलातच तर भाडं आधी ठरवा, आणि मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट नसेल तर मुलांना चढवू नका. भाड्यासाठी सुटे पैसे हवेत, कारण फोनला रेंज कुठे मिळते, कुठे नाही. नकाशा आधीच उतरवून घ्या, पॉवर बँक भरून ठेवा, प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी आणि खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. एक विजेरी घ्या, वेळेत परतणार असलात तरीही.

निघताना मुक्कामाच्या जागी सांगून ठेवा: ओमवरून हाफ मूनला चाललोय, सहापर्यंत परत येऊ, सातपर्यंत आमचा फोन आला नाही तर ११२ला कळवा. आणि परतल्यावर लगेच त्यांना फोन करा. गाडीत कोरड्या कपड्यांचा एकेक जोड आणि पाण्याची एक भरलेली बाटली सोडून जा; किल्ली चेनच्या खिशात, आणि दुसरी किल्ली दुसऱ्या माणसाकडे.