"तुम्हाला काही विचारायचंय?" मुलाखतीच्या शेवटी काय विचारावं आणि कोणाला

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यासाठी मी नव्या इंजिनिअर मुलामुलींच्या मुलाखती घेते. शेवटी प्रत्येकाला विचारते, "तुम्हाला काही विचारायचंय?" बहुतेक जण "नो मॅडम, थँक यू" म्हणतात आणि फाईल आवरायला लागतात. मोठ्यांना प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. मीही तशीच होते. पहिल्या नोकरीच्या पत्रावर "डिझाईन इंजिनिअर" लिहिलेलं होतं आणि पहिले आठ महिने स्टोअरमध्ये मालाच्या नोंदी करण्यात गेले. "पहिले सहा महिने मी नक्की काय करणार?" एवढं विचारलं असतं, तर निदान कळून-सवरून हो म्हटलं असतं.

म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

पायरी १ : आदल्या दिवशी अर्धा तास

कंपनीची वेबसाईट आणि नोकरीची जाहिरात नीट वाचा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की कंपनी कधी नोंदली गेली, ती चालू आहे की नाही, हे दिसतं. नाव ओळखीचं नसेल तर हे कराच. मग वहीत सहा-सात प्रश्न लिहा. त्यातले दोन-तीन बोलता बोलता सुटतील, उरलेले विचारायचे. वही उघडून विचारलं तरी चालतं. आम्हाला ती तयारी वाटते.

पायरी २ : समोर कोण बसलंय ते ओळखा

चुकतं ते बहुधा इथे. पगाराचा प्रश्न विभागप्रमुखाला विचारला, तर "ते एचआर सांगेल" असं उत्तर येतं. कामाचा प्रश्न एचआरला विचारला, तर जाहिरातीतलीच वाक्यं परत ऐकायला मिळतात. ज्यांच्या हाताखाली काम करायचं, त्यांना काम आणि माणसं विचारा. एचआरला पगार, सुट्या, करार विचारा. ओळख करून देताना हुद्दा कळला नाही, तर "सर, मी आपल्याच विभागात असेन का?" एवढं विचारायला काहीच हरकत नाही.

पायरी ३ : कामाबद्दल

माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न हा: "ही जागा नवी आहे, की कोणी गेल्यामुळे रिकामी झाली?" जागा नवी असेल तर काम वाढतं आहे, पण कामाची घडी अजून बसलेली नसणार. कोणी गेलं असेल तर शांतपणे पुढचं विचारा, "ते किती दिवस होते या जागेवर?" दीड-दोन वर्षांत तिसरा माणूस शोधत असतील, तर दोष माणसांत नसून जागेत असतो. उत्तराइतकंच उत्तर देणाऱ्याकडे लक्ष द्या. सरळ सांगणारा साहेब पुढेही सरळ सांगतो.

दुसरा प्रश्न: "पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय झालेलं तुम्हाला हवंय?" याचं ठोस उत्तर आलं, म्हणजे "अमुक लाईनवरचं रिजेक्शन कमी करायचंय" असं काही, तर तुमच्या कामाचा विचार झालेला आहे. "सगळंच करावं लागतं आमच्याकडे" असं आलं, तर माझं स्टोअर आठवा.

शिवाय कोण शिकवणार, शिफ्ट किती आठवड्यांनी बदलते, रविवारी बोलावतात का आणि बोलावलं तर बदली सुटी मिळते की ओव्हरटाईम, हेही विचारून घ्या. कंपनीची बस असेल तर ती दारापर्यंत सोडते की हायवेवर, हा प्रश्न मुलींनी संकोच न करता विचारावा. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. "समितीवर कोण आहेत?" असं एचआरला विचारलं आणि ते गोंधळले, तर जे समजायचं ते समजतं.

पायरी ४ : पैशाबद्दल, एचआरला

"पॅकेज चार लाख" ऐकून घरी पेढे वाटले जातात आणि पहिला पगार आल्यावर मूल गप्प होतं. हिशोब करून पाहू. चार लाखांना बाराने भागलं तर ३३,३३३ रुपये. समजा मूळ पगार निम्मा, म्हणजे वर्षाला दोन लाख. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी २४,००० रुपये, तो चार लाखांतच धरलेला. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना एकरकमी मिळणारे पैसे) मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे ९,६२०, तीही आतच. १० टक्के व्हेरिएबल (पगाराचा कमी-जास्त होणारा भाग) धरलं तर ४०,००० आणखी बाजूला. उरले ३,२६,३८०, म्हणजे महिन्याला साधारण २७,२००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ २,००० आणि व्यवसाय कर २०० गेला, की हातात २५,००० च्या आसपास.

यात फसवणूक असतेच असं नाही. पीएफ तुमचाच आहे. पण ग्रॅच्युइटी कायम कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षं झाल्यावर मिळते आणि व्हेरिएबल कंपनीच्या निकालावर असतं. म्हणून विचारायचं ते असं: "हातात किती येतील?", "व्हेरिएबल गेल्या वर्षी किती टक्के दिलं गेलं?", "पगाराचं ब्रेकअप ऑफर लेटरसोबत मिळेल का?" पगाराचा विषय पहिल्याच फेरीत तुम्ही काढू नका, त्यांनी काढला तर मात्र मागे हटू नका. शेवटच्या फेरीनंतर विचारणं तुमचा हक्क आहे.

आमच्या पट्ट्यात आणखी एक प्रश्न लागतोच: "मी कंपनीच्या रोलवर असेन की ठेकेदाराच्या?" गेट एक, कॅन्टीन एक, पण पगारपत्रकावर नाव दुसऱ्याचं. ठेकेदाराकडे असाल तर विचारा की कंपनीत घेतल्यावर आधीची वर्षं सेवेत धरणार का. "ट्रेनी" म्हणत असतील तर कोणत्या प्रकारचे, तेही विचारा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेला उमेदवार शिकाऊ मानला जातो, कामगार नव्हे, त्यामुळे नोकरीचे बरेच नियम त्याला लागत नाहीत.

पायरी ५ : बाँड असेल तर

बाँड म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याचा करार. "बाँड कोर्टात टिकत नाही, कर सही" असा सल्ला मित्र देतात. त्यावर विसंबू नका. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक बाँड तसाच टिकेल असं नाही, पण सही करताना तो टिकेल असं धरूनच करावी. किती महिन्यांचा, किती रकमेचा, दिवस भरत जातील तशी रक्कम कमी होते का आणि कंपनीनेच काढून टाकलं तर काय, हे चारही प्रश्न विचारा. मूळ गुणपत्रिका किंवा पदवी प्रमाणपत्र ठेवून घेणार असतील तर देऊ नका. मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्स द्यायची.

नोटीस पीरियड दोन्ही बाजूंना सारखाच आहे का, हेही याच वेळी.

पायरी ६ : कसं विचारावं

एका वेळी एकच प्रश्न. उत्तर पूर्ण ऐका, मध्ये तोडू नका. मुलाखत इंग्रजीत असेल तर हे प्रश्न इंग्रजीत मोठ्याने म्हणून पाहा, नाहीतर ऐनवेळी तोंडात येत नाहीत. शॉपफ्लोअरचे साहेब मराठीत बोलू लागले तर तुम्हीही मराठीतच विचारा, उत्तरं जास्त मोकळी येतात. समोरचा घड्याळ पाहत असेल तर फक्त कामाचा एक प्रश्न विचारा आणि "बाकीचे ईमेलवर विचारले तर चालतील का?" म्हणून उठा. वेबसाईटवर दिसतं ते मात्र विचारू नका.

पायरी ७ : बाहेर पडल्यावर

बसस्टॉपवर उभ्या उभ्या उत्तरं वहीत लिहा, रात्रीपर्यंत ती पुसट होतात. ऑफर लेटर आलं की ती वही शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहा. तोंडी सांगितलेलं पत्रात नसेल तर एचआरला दोन ओळींचा ईमेल करा: "मुलाखतीत सहा महिन्यांनी कायम करण्याबद्दल बोलणं झालं होतं. पत्रात त्याचा उल्लेख दिसला नाही. कृपया तो समाविष्ट करावा किंवा खुलासा करावा." उत्तर येईपर्यंत हातातल्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.