पोटाच्या डायलिसिसला एक रात्र रजा: कशी मागायची, कशी घ्यायची

पोटाच्या डायलिसिसला रविवार नसतो. पोटात बसवलेल्या नळीतून (कॅथेटर) बॅगेतलं साखरेचं फ्लुइड आत भरायचं, काही तास ठेवायचं, मग रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी घेऊन आलेलं ते बाहेर काढायचं, हे रोजचं. सेंटरवर जाऊन रक्ताचं डायलिसिस करणाऱ्यांचे आठवड्यातले तीन दिवस सुईचे, बाकीचे स्वतःचे. आपल्याकडे दिवाळी असो, सुतक असो, घरात पाहुणे असोत, बॅग आहेच. मी आधी हाताने दिवसाला चार बॅगा करायचे, आता रात्री नऊ तास मशीनवर असते. कराडला राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे, मधुमेह जुना आहे, आणि मला आवडणाऱ्या सगळ्या गोष्टी नेमक्या रात्री असतात: भजन, कोजागिरी, मंगळागौरीचं जागरण. त्यामुळे "आजची रात्र सुट्टी मिळेल का" हे मी डॉक्टरांना विचारलं, आणि ते चिडले नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ जण विचारतच नाहीत.

विचारत नाहीत, पण गाळतात. ओपीडीच्या बाकावर बसलं की कळतं. एखादी बॅग राहून जाते, वहीत मात्र चारही लिहिलेल्या असतात. मशीनमध्ये नोंद राहते, पण हाताच्या बॅगांची साक्षीदार वहीच. आता डॉक्टरांच्या बाजूने बघा. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, पोटॅशियम वाढलेलं, पायावर सूज, आणि वही सांगते की सगळ्या बॅगा झाल्या. मग ते काय करणार? बॅग वाढवणार, नाहीतर जास्त साखरेची, म्हणजे जास्त पाणी ओढणारी, देणार. म्हणजे चोरून घेतलेल्या सुट्टीपायी कायमचं काम वाढून बसतं. सांगून घेतलेली सुट्टी ते हिशोबात धरू शकतात.

आधी लघवी मोजा

सुट्टी मिळेल की नाही हे इच्छेवर ठरत नाही. आपल्या मूत्रपिंडात अजून किती जीव आहे, त्यावर ठरतं. डायलिसिसवर असूनही अनेकांना बऱ्यापैकी लघवी होते, आणि त्या रात्री जे काम मशीन करणार नाही, त्यातलं थोडंफार ती लघवी करते. ज्यांना दिवसभरात १०० मिलीसुद्धा होत नाही, त्यांच्याकडे दुसरा आधार नाही. त्यांनी पूर्ण रात्र सोडण्याचा विचार करू नये. वेळ मागे-पुढे करण्याचे मार्ग त्यांनाही आहेत, ते पुढे लिहिते.

मोजायची पद्धत सोपी आहे. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवीसुद्धा. त्याच चोवीस तासांत पोटातून निघालेल्या फ्लुइडचा नमुना आणि रक्त, यावरून लॅब केटी बाय व्ही नावाचा आकडा काढते. पोट आणि मूत्रपिंड मिळून आठवड्याची सफाई किती झाली, ते त्यात कळतं. हा आकडा १.७ च्या खाली नको असं बरीच वर्षं धरलं जातंय. आता डॉक्टर एवढ्या एकाच आकड्यावर जात नाहीत, भूक, सूज, रक्तदाब, पोटॅशियम, माणूस कसा दिसतोय हेही बघतात. पण सुट्टी मागायला जाताना ताजा रिपोर्ट हातात असलेला बरा. जुना चालत नाही, कारण लघवी दर काही महिन्यांनी कमी होत जाते. ती टिकवायची तर अंगदुखीला मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणं बंद करा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या उरलेलं मूत्रपिंडही खातात.

सुरुवातीला फार डायलिसिस लागत नसेल तर डॉक्टर स्वतःच आठवड्यातून सहाच दिवस लिहून देतात, असंही होतं. कमीपासून सुरू करून गरजेप्रमाणे वाढवायचं. तुमचं डायलिसिस नवीन असेल तर हा प्रश्न विचारायला आत्ताच बरा मुहूर्त आहे. जपानमध्ये बरेच जण पाच-सहा दिवस पोटाचं आणि आठवड्यातून एकदा सेंटरवर रक्ताचं अशी जोड घेतात, त्यात पोटाला नेमाने एखादा दिवस मोकळा मिळतो. पण त्यासाठी हातात फिस्टुला (सुई टोचण्यासाठी ऑपरेशनने जोडून घेतलेली शीर) हवा आणि जवळ सेंटर हवं.

सगळीच रात्र सोडायला हवी का?

बहुतेक वेळा नाही. हाताच्या बॅगा असतील तर दोन बॅगांमधलं अंतर साधारण चार ते सहा तासांचं असतं. त्यात सरकायला जागा असते. लग्नाच्या दिवशी पहाटेची बॅग लवकर, दुपारची कार्यालयातून परत आल्यावर, असं बसवता येतं. कुठली किती सरकवायची ते सिस्टरना फोन करून विचारा. आमच्या सिस्टर पाच मिनिटांत कागदावर मांडून देतात.

मशीनवर असाल तर एका रात्रीपुरतं उशिरा लावून उशिरा उठणं, किंवा दोन दिवस मशीन बंद ठेवून हाताच्या बॅगा करणं, हे मार्ग आहेत. आळंदीला जाताना मी हेच करते. मशीन गाडीत घालून नेण्यापेक्षा बॅगा परवडतात, जरी चार बॅगा म्हणजे आठ किलोच्या वर ओझं असलं तरी. (उचलायचं दुसऱ्याने. पोटात कॅथेटर असलेल्याने वजन उचललं की हर्नियाला आमंत्रण.)

त्यानंतर एखादी बॅग गाळणं, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण रात्र. या क्रमानेच मागा.

आणखी एक सुट्टी आहे, जिचा विचार कोणी करत नाही: डायलिसिस चालू, पण आपले हात मोकळे. सुनेने सिस्टरकडे बसून सगळं शिकून घेतलं. पंखा बंद, खिडक्या बंद, मास्क, साबणाने हात धुणं, जोडणी, नळीच्या तोंडाला नवीन मिनीकॅप (टोपण), सगळं. महिन्यातून काही वेळा ती लावते, मी नुसती पडून असते आणि आमचे हे टीव्ही बघतात. पुष्कळांना कंटाळा डायलिसिसचा नसतोच, रोज तेच तेच हाताने करण्याचा असतो. तुमचा कंटाळा कोणत्या जातीचा आहे, ते आधी बघा.

डॉक्टरांकडून काय काय लिहून घ्यायचं

तोंडी "चालेल हो" पुरत नाही. मी कागदावर घेते.

पहिलं, पोट कोरडं ठेवायचं की भरलेलं. हे वाटतं तितकं किरकोळ नाही. साखरेचं फ्लुइड पोटात जास्त वेळ राहिलं की त्यातली साखर अंगात जिरते, पाणी ओढण्याची ताकद संपते, आणि मग तेच पाणी उलट शरीरात जायला लागतं. म्हणजे "एकच बॅग भरून रात्रभर हिंडते" हा शहाणपणा सुजेचं कारण ठरू शकतो. लांब मुक्कामासाठी आयकोडेक्स्ट्रिनची वेगळी बॅग येते, पण ती डॉक्टरांनी लिहून दिली तरच. मला कोरडं सांगितलं होतं. मशीनवाल्यांच्या पोटात बऱ्याचदा दिवसभर शेवटचं फ्लुइड असतं, ते संध्याकाळी पूर्ण काढावं लागतं, त्यासाठी ड्रेन बॅग आधीच मागून ठेवा. रात्री आठला आठवण झाली तर कराडात मिळत नाही.

दुसरं, इन्सुलिन. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. दोन लिटरच्या १.५ टक्क्यांच्या बॅगेत ३० ग्रॅम साखर असते, २.५ टक्क्यांच्या बॅगेत ५०, ४.२५ वाल्या बॅगेत ८५. आमच्या कंपनीत त्या पिवळी, हिरवी, लाल म्हणून ओळखल्या जातात. त्यातली बरीच साखर अंगात जाते आणि आपला इन्सुलिनचा डोस ती धरूनच ठरलेला असतो. रात्री बॅगच नाही म्हणजे ती साखरही नाही. डोस तोच ठेवला तर मध्यरात्री शुगर धाडकन खाली येऊ शकते. मला त्या रात्रीचा डोस कमी करून दिला होता, आणि पहाटे एकदा शुगर बघायला सांगितलं होतं. आयकोडेक्स्ट्रिनवाल्यांनी आपली शुगरची पट्टी त्या औषधाबरोबर चालते ना, हे विचारावं. काही पट्ट्या शुगर आहे त्याहून जास्त दाखवतात, खरी शुगर कमी असली तरी.

तिसरं, गोळ्या. फॉस्फरस कमी ठेवायची गोळी जेवणाबरोबर चालूच. बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या आपल्या मनाने बदलायच्या नाहीत.

चौथं, किती वजन वाढलं तर सुट्टी मोडायची, तो आकडा. आणि रात्री फोन कोणाला करायचा.

सुट्टी मागूच नये असे दिवसही आहेत. फ्लुइड गढूळ येतंय, पोट दुखतंय, ताप आहे, तेव्हा सुट्टी कसली, ताबडतोब हॉस्पिटल. पेरिटोनायटिसचं (पोटाच्या पडद्याला झालेल्या संसर्गाचं) औषध चालू असेल तर ते बहुतेक बॅगेतूनच पोटात जात असतं, बॅग गाळली की औषधही गाळलं जातं. अंगावर सूज आहे, गेल्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम वर होतं, हृदय कमजोर आहे, किंवा फ्लुइड नीट निघत नाही, तेव्हाही नाही.

सुट्टीच्या रात्री

पुतणीच्या मंगळागौरीचंच सांगते. जेवणात भाजणीचे वडे, मटकीची उसळ, कढी, लोणचं, पापड. रोज डायलिसिस असताना आपण पोटॅशियमच्या बाबतीत जरा सैल होतो, कारण बॅगेतून ते रोज धुतलं जातं. कित्येकांना तर डॉक्टर केळं खा म्हणतात. सुट्टीच्या दिवशी ती सवलत नाही. शहाळं नाही, केळं-संत्रं नाही, टोमॅटोचं सार नाही. आणि खरा शत्रू मीठ. मीठ खाल्लं की तहान लागते, पाणी प्यायलं जातं, आणि ते बाहेर काढायला आज मशीन नाही. म्हणून लोणचं-पापडाला हात लावायचा नाही, उसळ थोडी, वडा एक, सोबत साधा भात. "लो सोडियम" मीठ म्हणून जे मिळतं त्यात पोटॅशियम असतं, ते आपल्यासाठी कधीच नाही, सुट्टी असो वा नसो. चहा-पाणी माझ्या वेगळ्या भांड्याने मोजून. जाऊबाई म्हणाल्या, "एवढं काय, एक दिवस." एका दिवसाची परवानगी डायलिसिसला मिळाली होती, मिठाला नाही.

पोट रिकामं असलं तरी फुगडी नाही. कॅथेटरला हिसका बसला तर महागात पडेल. झिम्म्याच्या टाळ्या आणि गाणी माझ्याकडे, नाचणं पोरींकडे. नळी पट्टीने पोटाला घट्ट चिकटवलेली, वर पातळ पट्टा, मग परकर थोडा खाली. कॅथेटरच्या जागेची रोजची सफाई आणि मलम त्या दिवशीही करायचंच, त्याला सुट्टी नाही.

रात्री निजताना दम लागला, उशा वाढवाव्या लागल्या, छातीत धडधड, हातापायात एकदम अशक्तपणा, सारखी उलटी, किंवा माणूस गुंगीत असल्यासारखा बोलायला लागला, तर सकाळची वाट बघू नका. पोटॅशियम वाढल्याचा त्रास हृदयाला होतो आणि तो आधी फार गाजावाजा करत नाही. फोन करा आणि निघा. म्हणूनच मी एकटी असताना सुट्टी घेत नाही. घरात कोणीतरी जागं आणि गाडी चालवू शकणारं हवं.

दुसऱ्या दिवशी

सकाळी लघवी करून वजन. इथे एक फसगत होते. पोटात दोन लिटर फ्लुइड असताना केलेलं वजन दोन किलोने जास्तच येणार. कोरड्या पोटाच्या वजनाची तुलना ड्रेननंतरच्या वजनाशीच करायची. मग बीपी, पाय दाबून बघणं, आणि वहीत त्या रात्रीपुढे "सुट्टी, डॉक्टरांना विचारून" असं स्पष्ट लिहिणं.

ठरलेल्या वेळी नेहमीची बॅग चालू. काल राहिलं म्हणून आज दुप्पट, किंवा पिवळीच्या जागी लाल, असलं काही स्वतःच्या मनाने नको. लाल बॅग पाणी जोरात ओढते, बीपी खाली आणते, आणि तिची साखर रोज रोज पोटाच्या पडद्यालाही सोसत नाही. कोरड्या रात्रीनंतर पहिल्या ड्रेनमध्ये पांढरे तंतू दिसू शकतात. त्याला फायब्रिन म्हणतात. आजूबाजूचं फ्लुइड स्वच्छ असेल तर घाबरू नका, सिस्टरना सांगून ठेवा. बॅगेखाली छापील कागद धरून अक्षरं वाचता येत नसतील, तर मात्र ते गढूळ आहे. बॅग टाकू नका, तशीच घेऊन हॉस्पिटलला जा.

माझी लघवी मागच्या तपासणीत बरीच कमी आली, आणि डॉक्टरांनी पूर्ण रात्रीची सुट्टी बंद केली. वाईट वाटलं. आता कोजागिरीला मी दूध मोजून घोटभर घेते, साडेबाराला घरी येते, सुनेने मशीन तयार ठेवलेलं असतं, आणि सकाळी दहापर्यंत मला कोणी उठवत नाही.