सहा मीटर म्हणजे सहा मीटर

बी.ऑप्टोम. म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायला शिकवणारी पदवी, तिची चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं, मग दुकान धरायचं की हॉस्पिटल, हे सगळं या कामात येणाऱ्या तुम्हाला ठाऊक असणार. ते पुन्हा सांगत नाही. पुण्यात शिकून मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात परत आले आणि गावोगावच्या तपासणीत पहिल्याच पावसाळ्यात तोंडावर आपटले. तेवढं मात्र सविस्तर सांगते.

जुलै महिना. ट्रायल सेटची, म्हणजे तपासणीच्या भिंगांची, पेटी मांडीवर घेऊन कदंबा बसने वाळपईहून एका हायस्कूलात गेले. एक वर्ग रिकामा करून ठेवला होता. फळ्याशेजारी चार्ट, समोर खडूची रेघ. "अंतर बरोबर आहे हं, गेल्या वर्षी इथंच केलं होतं," बाई म्हणाल्या. मी मान डोलावली. दुपारपर्यंत ऐंशीएक मुलं झाली. ६/९ ची ओळ (निरोगी डोळा नऊ मीटरवरून वाचतो ती, सहा मीटरवरून) वाचता आली नाही अशी फक्त दोन. मला वाटलं, गावातली मुलं, मोबाईल कमी, उन्हात खेळतात, डोळे चांगलेच असणार. स्वतःला पटेल असं कारण किती पटकन सापडतं बघा.

त्या दोघांचे चष्मे द्यायला गेले तेव्हा बाईंनी सातवीतली एक मुलगी पुढे केली. फळ्यावरचं ती शेजारणीच्या वहीतून उतरवते. "तुमच्या कागदावर तर पास आहे."

शिपायाकडून टेप मागवला. रेघेपासून चार्टपर्यंत चार मीटर. तो वर्गच मुळात तेवढा होता.

आता हे नीट वाचा, माहीत असलं तरी. ६/६ च्या ओळीतलं अक्षर साधारण पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं, कारण सहा मीटरवरून ते डोळ्यात पाच मिनिटांचा कोन करतं (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). तेच अक्षर चार मीटरवर आणलं की कोन साडेसात मिनिटांचा होतो, म्हणजे ते ६/९ चं अक्षर झालं. आणि ६/९ ची ओळ? ती ६/१३.५ होऊन बसते. म्हणजे ज्या मुलाची नजर ६/१२ आहे ते मूल माझ्यासमोर ६/९ घडाघडा वाचून पास होत होतं. शिवाय चार्ट जवळ आला की थोड्या उणे नंबराच्या मुलाला तो जास्त स्पष्टही दिसतो. दोन्ही चुका एकाच बाजूला झुकतात. चष्मा लागणारं मूल निसटतं, आणि निसटलेलं मूल तक्रार घेऊन येत नाही, कारण त्याला सगळ्यांना असंच दिसतं असं वाटत असतं.

व्हरांड्यात टेप लावून, पत्र्यावर पाऊस वाजत असताना, सगळी मुलं पुन्हा तपासली. दोनाची अकरा झाली. त्या मुलीला दोन्ही डोळ्यांना उणे एक. मुख्याध्यापकांना चूक माझी आहे असं सांगितलं तेव्हा पाय लटपटत होते. त्यांनी चहा मागवला. नोकरी गेली नाही. तुमचीही जाणार नाही, फक्त लपवू नका.

तेव्हापासून पेटीत नायलॉनची दोरी असते. सहा मीटरवर एक गाठ, तीनवर एक, एकावर एक. तीनची गाठ म्हाताऱ्या माणसांसाठी. मोतीबिंदू पिकलेले आजोबा ६/६० चं अक्षरही सांगू शकले नाहीत की त्यांना हाताला धरून पुढे आणायचं. २०१७ पासून आपल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात अंधत्वाची रेषा ६/६० वरून ३/६० वर आली आहे, तेव्हा तीन मीटर अंदाजाने धरून चालत नाही. खोली लहान असेल तर तीन मीटरचा चार्ट वापरा किंवा आरसा लावा. रांग दाराबाहेर ठेवा, नाहीतर पोरं चार्ट पाठ करतात. डोळा बोटांनी नाही, तळव्याने झाकायला लावा.

रेटिनोस्कोपीत, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर काढताना, पुन्हा तेच. डोळ्यापासूनचं अंतर सदुसष्ट सेंटिमीटर धरून आलेल्या नंबरातून दीड वजा करायला शिकवतात, पण माझा हात आखूड, मी बसायचे पन्नासवर. तिथे दोन वजा करायला हवेत. माझे नंबर सारखे अर्ध्याने अधिककडे सरकत. हे वर्षभर कोणी सांगितलं नाही. "पेशंटमागे दोन मिनिटं" म्हणणाऱ्या सीनियरकडून वेग शिकाल, बाकी काही नाही. ऑटोरेफची, म्हणजे नंबर काढणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी थेट चष्म्यावर चढवणाऱ्याकडून तर तेही शिकू नका. लहान मुलं यंत्रात बघताना डोळा ताणतात आणि नसलेला उणे नंबर छापून येतो. गुरू करायचा तर जो तुमच्या हातातला स्कोप काढून घेत नाही तो करा. घरच्या माणसांवर सराव करा, माझ्या आजीने शंभर वेळा तरी बसून घेतलं असेल.

पहिल्या वर्षी पगार कमी असतो. दुकानात फ्रेम विकायला लावतात. वाईट वाटतं, पण फ्रेम नाकावर कशी बसते ते मी तिथेच शिकले.

जवळच्या चष्म्यालाही अंतर विचाराच. एक मावशी कोकणीत म्हणाल्या, "पयसचें दिसता, लागींचें दिसना." लांबचं दिसतं, जवळचं नाही. साठीच्या. पेपर वाचायचं अंतर म्हणून चाळीस सेंटिमीटर धरून अधिक अडीच दिला. महिन्याने चष्मा परत. त्या अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करतात, फूल नाकापाशी धरून, जेमतेम तेहतीसवर. अधिक तीन लावून बघितलं, हातात फुलं आणि दोरा देऊन. चार गाठी मारल्या आणि मला म्हणाल्या, "पेपर कोण वाचतो गो?"

पिनहोल, म्हणजे बारीक भोकाची झाकणी, लावूनही नजर सुधारली नाही तर नंबराशी झटत बसू नका, नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. लोक तुम्हाला डॉक्टर म्हणतील, तुम्ही स्वतःला म्हणवून घेऊ नका. ऑप्टोमेट्रिस्ट हा शब्द संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या २०२१ च्या कायद्यात आला आहे, तेवढा पुरे.

गणेश चवथीनंतर त्या हायस्कूलात परत गेले. अकरांपैकी सात जणांच्या डोळ्यांवर चष्मा होता. एकाचा मोडला होता, दोघांचे घरी कपाटात "नीट" ठेवलेले, एक हरवलेला. सातवीतली मुलगी चष्मा लावून होती, पण बस आली की काढून खिशात घालते असं बाईंनी सांगितलं. फ्रेम मी निवडली होती, तपकिरी, टिकाऊ. नवीन फ्रेमी घेऊन गेले तेव्हा पेटी तिच्यासमोर उघडी ठेवली. तिने जांभळी उचलली.