सोसायटीचे हिशेब बघायचेत? अर्जात नेमकं काय मागायचं

पहिली चूक अर्जाच्या पहिल्याच ओळीत होते: तो मॅनेजरच्या नावे लिहिला जातो. हिशेब पगारी मॅनेजर ठेवत असो की बाहेरची एजन्सी, दप्तर सोसायटीचं असतं आणि ते सांभाळणं हे सचिवाचं काम. त्यामुळे अर्ज सचिवालाच द्या. ‘फाइली एजन्सीकडे आहेत’ हे उत्तर होत नाही. त्या मागवून घेणं कमिटीचं काम आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 154B-8 मध्ये (गृहनिर्माण संस्थांसाठी 2019 च्या दुरुस्तीआधी हे कलम 32 होतं) सभासदाला विनाशुल्क बघता येणाऱ्या कागदांची यादी आहे: अधिनियम, नियम व उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, कमिटी सदस्यांची यादी, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेची आणि कमिटीच्या सभांची इतिवृत्तं, आणि तुमच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी असलेला दप्तराचा भाग.

यादी नीट वाचलीत तर अडचण लगेच दिसेल. त्यात व्हाउचर नाहीत, बँक पासबुक नाही, कंत्राटदाराची बिलंही नाहीत. ‘पाच वर्षांची सगळी बिलं दाखवा’ असा अर्ज केलात की सचिव याच कलमावर बोट ठेवतो, आणि तिथे तो बरोबर असतो. म्हणून कमिटीचं इतिवृत्त मागा. लिफ्टची दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग, टँकर अशा मोठ्या खर्चाची मंजुरी तिथे नोंदलेली असायला हवी. खर्च ताळेबंदाबरोबरच्या पत्रकात आहे आणि इतिवृत्तात ठराव नाही, असं निघालं तर त्या एका खर्चाचं बिल वार्षिक सभेत मागता येतं. अशा नेमक्या प्रश्नाला बगल देणं कठीण जातं.

अर्जात वर्ष आणि कागद स्पष्ट लिहा: ‘1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024 या काळातील कमिटी सभांची इतिवृत्ते व माझे खाते.’ दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह पोच घ्या. पोच द्यायला नकार मिळाला तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. बघणं फुकट, पण प्रतींना शुल्क लागतं आणि प्रती देण्याची मुदत शुल्क भरल्या दिवसापासून मोजतात. नुसता अर्ज टाकून वाट बघणारे इथेच फसतात. शुल्क भरा, पावती जपून ठेवा.

हातात ताळेबंद आला की आधी सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, बघा. आदर्श उपविधींप्रमाणे तो सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या (जमिनीची किंमत सोडून) दरसाल किमान 0.25 टक्के असतो, दुरुस्ती निधी किमान 0.75 टक्के. बांधकाम खर्च 20 लाख असेल तर वर्षाला 5,000 आणि 15,000 रुपये. आता देणी बाजूला सिंकिंग फंड 18 लाख आणि गुंतवणुकीत मुदत ठेवी 11 लाख असतील, तर विचारा: सात लाख कुठे आहेत? कधी ते थकबाकीत अडकलेले असतात, कधी रोजच्या खर्चात गेलेले. दोन्हींत लबाडी असेलच असं नाही, पण उत्तर आकड्यांत मिळायला हवं.

लेखापरीक्षण अहवालातले शेरे शेवटच्या पानापर्यंत वाचा. त्यांवर कमिटीने दोषदुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. शेरे आहेत आणि दुरुस्ती अहवाल नाही, तर तक्रारीचा मुद्दा तिथेच तयार आहे.

प्रती मिळाल्याच नाहीत तर अर्जाची पोच आणि शुल्काची पावती जोडून तुमच्या विभागाच्या सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करा. गैरव्यवहाराचा ठोस संशय असेल तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी कलम 83 खाली चौकशी मागता येते. 60 सभासद असतील तर 12 सह्या. मात्र कलम 85 प्रमाणे चौकशीचा खर्च मागणाऱ्यांवरही टाकला जाऊ शकतो, म्हणून कागद हातात आल्यावरच सह्या गोळा करा.

माहिती अधिकाराचा अर्ज थेट सोसायटीकडे करून उपयोग नाही. एरवीची सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली केरळच्या थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवलं. निबंधक कार्यालयाला मात्र तो कायदा लागू आहे, त्यामुळे सोसायटीने तिथे सादर केलेल्या अहवालांसाठी अर्ज तिथे करता येतो.

हे सगळं नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थेपुरतं. तुमची इमारत 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असेल तर कलम 154B-8 चा हवाला देऊ नका. डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत त्या कायद्याखाली आणणारं नोंदणीकृत घोषणापत्र) आणि त्याला जोडलेले उपविधी काढा, हिशेब बघण्याची तरतूद त्यांत शोधा.