एनएमआरचे पीक आधी मोजा, टेबल नंतर उघडा

रत्नागिरीत मी एमएस्सीच्या पोरांना ऑरगॅनिक शिकवतो. रेणूतले हायड्रोजन कुठे आणि किती ते दाखवणारं एनएमआरचं मशीन कॉलेजात नाही. नमुना मुंबईला जातो, परत येते ती आलेखाची पीडीएफ; त्यातला प्रत्येक उंचवटा म्हणजे एक पीक. ती उघडली की पोरं आधी केमिकल शिफ्टचं, म्हणजे कोणत्या गटाचा पीक पट्टीवर कितीला येतो त्याचं, टेबल शोधतात. ते मी काढून घेतो.

पहिल्यांदा उपऱ्यांना, म्हणजे नमुन्याच्या नसलेल्या पीकना, हाकला. शून्यावरचा टीएमएस (पट्टीचं शून्य ठरवणारा पदार्थ), ७.२६ चा क्लोरोफॉर्म आणि १.५६ च्या आसपासचं पाणी. आपल्याकडे पावसाळ्यात ड्युटेरेटेड (जड हायड्रोजन घातलेल्या) क्लोरोफॉर्म द्रावकाची बाटली जरा उघडी राहिली की हा पाण्याचा पीक हमखास फुगतो.

मग इंटिग्रेशन, म्हणजे प्रत्येक पीकखालचं क्षेत्रफळ, त्यातल्या हायड्रोजनच्या प्रमाणात. ते फक्त गुणोत्तर देतं, म्हणून रेणुसूत्राशी ताडून पाहा. समजा ४ कार्बन, ८ हायड्रोजन, २ ऑक्सिजन आहेत आणि पीक ३:२:३ आहेत. बेरीज आठ, हिशेब जुळला.

आता स्प्लिटिंग, म्हणजे एका पीकचं रेघांत फुटणं. शेजारच्या कार्बनवर जितके हायड्रोजन, त्याहून एक जास्त रेघ. ३ हायड्रोजनचा ट्रिप्लेट (तीन रेघा) आणि २ चा क्वार्टेट (चार रेघा) दिसला म्हणजे इथाइल गट. पण दोघांचा कपलिंग कॉन्स्टंट (रेघांमधलं अंतर) मोजल्याशिवाय सही करू नका. बांधावरचं भांडण दोन्ही घरांत सारखंच असतं, तसं इकडे ७ हर्ट्झ तर तिकडेही ७. उरलेला ३ चा सिंगलेट (एकच रेघ) म्हणजे एकटा मिथाइल.

टेबल लागतं ते इथे. इथाइल ॲसिटेट आणि मिथाइल प्रोपिओनेट, दोघांचं इंटिग्रेशन तेच, स्प्लिटिंगही तेच. क्वार्टेट ४.१ ला आणि सिंगलेट २.० ला असेल तर इथाइल ॲसिटेट, कारण ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो आणि त्याला चिकटलेला सीएच२ डावीकडे सरकतो. क्वार्टेट २.३ ला आणि सिंगलेट ३.७ ला, तर मिथाइल प्रोपिओनेट.

ओएचचा भरवसा धरू नका, तो कुठेही आणि पसरट येतो. ट्यूबमध्ये जड पाण्याचा थेंब टाकून हलवा. नाहीसा झाला तर तोच, किंवा एनएच.

सरावाला मी घाण्याचं खोबरेल देतो. ४.१ ते ४.३ मधले ग्लिसरॉलचे चार हायड्रोजन ४ धरा. २.३ ला ६ यायला हवेत, ०.८८ ला ९, कारण फॅटी ॲसिडच्या साखळ्या तीन. १.२६ चा डोंगर साखळीतल्या सीएच२ चा. ५.३ ला मात्र सावध राहा, तिथे ग्लिसरॉलचा एक हायड्रोजन आणि डबल बाँडचे हायड्रोजन एकत्र बसतात. एक वजा केल्यावर खोबरेलात फार थोडं उरतं, कारण त्यातली बहुतेक ॲसिडं संपृक्त, म्हणजे डबल बाँड नसलेली, लॉरिक सगळ्यांत जास्त. शेंगदाणा तेलात तोच पीक भरघोस येतो, शिवाय २.८ जवळ लिनोलिक ॲसिडचा लहान पीक उभा राहतो. खोबरेल म्हणून आलेल्या नमुन्यात २.८ ठळक दिसला, की मी पोरांना बाटली कुठून आणली ते विचारतो.