एअर रायफलसाठी पेलेटचा लॉट कसा निवडावा

10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम 0.5 मिलिमीटरचा असतो. 4.5 मिमीचं पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, त्याला नुसतं चाटून गेलं तरी 10.0 मिळतात, म्हणजे पेलेटचं केंद्र मध्यापासून 2.5 मिमीच्या आत हवं. 10.9 या कमाल गुणासाठी तेच अंतर 0.25 मिमी. पात्रता फेरीतले 60 शॉट दशांशात मोजतात, त्यामुळे दर शॉटला सरासरी 0.1 वाढला तर बेरीज 6 गुणांनी वाढते. सरावाने मिळणाऱ्या गुणांसाठी आपण जीव टाकतो. मग पेलेटमुळे जाणारे गुण का सोडायचे?

आधी चार-पाच प्रकार जमवा. सपाट तोंडाचे, साधारण 0.53 ग्रॅमचे मॅच (स्पर्धेचे) पेलेट घ्या आणि डोक्याचा व्यास 4.49, 4.50, 4.51 मिमी असा वेगवेगळा ठेवा. डबीवरचा लॉट क्रमांक, म्हणजे एकत्र बनलेल्या खेपेचा क्रमांक, टिपून ठेवा. कंपनी तीच, व्यास तोच, पण लॉट बदलला की तीच रायफल वेगळा ग्रुप, म्हणजे कागदावर भोकांचा वेगळा पुंजका, देऊ शकते. म्हणून "अमुक कंपनीचं पेलेट चांगलं" हा सल्ला अर्धवटच असतो.

चाचणी परवानगी असलेल्या रेंजवरच घ्या, डोळ्यांना गॉगल लावून. नळी फेल्टच्या क्लिनिंग पेलेटने साफ करा. साफ नळीतले पहिले काही शॉट इकडेतिकडे जातात, ते मोजू नका. लॉट बदलला की नव्या लॉटचेही काही शॉट असेच सोडून द्या. रायफल वाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंजात) घट्ट बसवा. हातात धरून चाचणी घेतली तर पेलेटचा दोष कोणता आणि आपला कोणता, हे कळणार नाही. रायफलचा हवेचा सिलिंडर निम्म्याहून जास्त भरलेला असू द्या.

आता क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजणारं यंत्र. वेग 170 मीटर प्रतिसेकंद असेल तर 0.53 ग्रॅमच्या पेलेटची ऊर्जा सुमारे 7.7 जूल भरते. हा आकडा वाढवण्याच्या मागे लागू नका. बघायचा तो वेगातला फरक. या वेगाने 10 मीटर जाताना पेलेट साधारण 17 ते 18 मिमी खाली येतं. वेग 3 मीटरने घटला की ते आणखी 0.6 मिमी खाली लागतं, आणि प्रत्येक दशांशाची पट्टी फक्त 0.25 मिमीची असल्यामुळे दोन दशांश तिथेच गेले. दहा शॉटमध्ये वेग याहून बराच जास्त हलत असेल, आणि तेही प्रत्येक लॉटला, तर पेलेट बदलून उपयोग नाही. आधी रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) आणि सील तपासून घ्या.

वेग स्थिर असेल तर ग्रुपकडे वळा. एका कागदावर दहा शॉट, आणि प्रत्येक लॉटचे असे निदान तीन ग्रुप. तीन-तीन शॉटचे ग्रुप पाडून निकाल लावणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. तीन शॉट योगायोगानेही एकाच भोकात बसतात. लॉटचा खरा फैलाव दहा शॉटनंतर दिसू लागतो. लॉट आलटून पालटून मारा, नाहीतर शेवटच्या लॉटच्या वाट्याला मळलेली नळी येईल. कागद जाड आणि सगळ्यांना एकच वापरा, कारण पातळ कागद फाटतो आणि माप चुकतं.

मापताना व्हर्नियरचे जबडे भोकांच्या सर्वांत लांबच्या बाहेरच्या कडांवर ठेवा आणि आलेल्या आकड्यातून 4.5 वजा करा. बाहेरचं माप 7.0 आलं, तर केंद्र ते केंद्र 2.5 मिमी, असा ग्रुप मधोमध बसला की सगळे शॉट साधारण 10.5 किंवा वर जातात. सर्वांत लहान ग्रुपवर भाळू नका. ज्या लॉटचा सर्वांत वाईट ग्रुपही लहान आहे, तो घ्या. आकार ठरावीक बाजूला लांबट होत असेल, तर वाइसची पकडही एकदा तपासा.

लॉट ठरला की त्याच क्रमांकाच्या, निदान पूर्ण हंगामाला पुरतील एवढ्या डब्या एकदम घेऊन ठेवा. शिसं मऊ असतं, पेलेटची कड जराशा धक्क्यानेही वाकते, म्हणून डबी हिंदकळू देऊ नका. शिसं विषारी आहे. पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.